साहेबाचा बंगला

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला जळगावला गेलो होतो. धाकटी बहीण तिथे दिलेली आहे. तिच्या घरी जायचे म्हणजे दोन गोष्टी ठरलेल्या. पहिली, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी पोटाला तडस लागेपर्यंत खायची. आणि दुसरी, ओवाळून झाल्यावर पाटावर बसूनच बहिणीची वर्षभराची गाऱ्हाणी ऐकायची. यंदाच्या गाऱ्हाण्यांत पहिला नंबर तिच्या मुलाचा होता. आमचा हा भाचा लष्करात लेफ्टनंट आहे. वय तेवीस. सुटीवर घरी आला होता आणि सुटी संपताच त्याला एका दूरच्या डोंगराळ सरहद्दीवर रुजू व्हायचे होते.

"दादा, तूच विचार त्याला, तिथं राहायला धड घर तरी आहे का?" बहीण म्हणाली.

भाचा हसला. "मामा, आईला वाटतं सरकार मला बंगला देणार, पुढं बाग, मागं विहीर! अगं आई, पत्र्याची एक खोली मिळेल, भोवती वाळूची पोती. तीसुद्धा माझ्यापेक्षा मोठा अधिकारी आला, तर सोडावी लागेल."

बहिणीचे समाधान झाले नाही. पण माझ्या डोक्यात मात्र एक किडा शिरला. अधिकाऱ्याचे घर ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. माणूस परक्या मुलखात घर कसे बांधतो, कुठे बांधतो, भोवती काय उभारतो आणि दार कोणासाठी उघडे ठेवतो, यावरून तो तिथे कशासाठी आला आहे हे उमगते. मी भाच्याला म्हणालो, "तुझी सुटी अजून चार दिवस आहे ना? गाडी काढ. तुला या खानदेशातल्या जुन्या लष्करी साहेबांची घरे दाखवतो."

"आठे काय शे मामा दाखाडाले?" भाचा खास अहिराणीत म्हणाला. धुळ्याच्या आजीकडे वाढलेला पोरगा. थट्टा करायची असली की अहिराणीवर येतो.

काय शे, ते ऐकाच.

प्रथम थोडे लांबून सुरुवात करतो. इंग्रज खानदेशात आले त्याच शतकात तिकडे अमेरिकेत गोरे लोक पश्चिमेकडे सरकत होते आणि त्यांचे लष्कर माळरानावर ठिकठिकाणी ठाणी उभारीत होते. नाव किल्ल्याचे; पण आपल्या रायगड-दौलताबादच्या नजरेने पाहू गेलो तर फसगत व्हायची. पुष्कळशा ठाण्यांना तटच नसे. मध्ये कवायतीचे चौकोनी मैदान, एका बाजूला शिपायांच्या बराकी आणि समोरच्या बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग. या रांगेत कोणाला किती जागा मिळायची ते हुद्द्यावर ठरे. लेफ्टनंटला एक खोली आणि स्वयंपाकघर, कॅप्टनला दोन खोल्या, अशी चढती भाजणी. आणि वरच्या हुद्द्याचा माणूस बदलून आला, की तो खालच्याचे घर पसंत करून त्याला बाहेर काढू शकत असे. मग तो खालचा आणखी खालच्याला उठवी. एका बदलीने सारी रांग बोचकी बांधून इकडून तिकडे जाई! वायोमिंगमधल्या फोर्ट लॅरामी येथे १८४९ साली बांधलेले अविवाहित अधिकाऱ्यांचे दुमजली लाकडी घर अजून उभे आहे. त्याला तिकडचे लोक 'ओल्ड बेडलम' म्हणतात. म्हणजे जुना गोंधळवाडाच म्हणा ना. याच ठाण्यावर १८६८ साली सू आदिवासींशी करार झाला, आणि १८७४ साली त्यांच्या काळ्या डोंगरात सोने सापडताच तो करार गुंडाळला गेला. घरांची रांग मात्र राहिली. आज प्रवासी ती पाहायला जातात.

हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे माझ्या पत्र्याच्या खोलीला दीडशे वर्षांची परंपरा आहे म्हणायची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तो आधी अजिंठ्याला. जळगावहून साठेक किलोमीटर. लेण्यांसाठी सारे जग येते. आम्ही लेणी नव्हे, अजिंठा गावातली बारादरी पाहायला चाललो होतो. मद्रास फौजेचा कॅप्टन, पुढे मेजर झालेला रॉबर्ट गिल इथे राहत असे. १८४४ साली कंपनी सरकारने त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. हा मूळचा शिपाईगडी. पण एकदा कुंचला हाती धरला तो जन्मभर सोडला नाही. भोवती जंगल आणि जंगलात वाघ. लेण्यांत वटवाघळांचा उच्छाद. दिवसभर काळोख्या गुहांतून डोळे फोडून चित्रे काढायची आणि रात्री गावातल्या या जुन्या इमारतीत परतायचे.

त्याने केलेल्या मोठाल्या तैलचित्रांतली बहुतेक लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ साली तिथे आग लागली आणि वीस वर्षांची मेहनत जळून गेली. गिलने पुन्हा कामाला सुरुवात केली! अजिंठ्याला पारो नावाच्या स्त्रीची समाधी आहे. तिच्यावर २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे. गिल आणि पारो यांच्या कथेवर कवी ना. धों. महानोरांनी दीर्घकाव्य लिहिले, पुढे चित्रपटही निघाला. तेव्हा ती कथा मी इथे पुन्हा सांगत बसत नाही. एवढेच सांगतो, की गिल विलायतेला परत गेला नाही. १८७९ च्या एप्रिलमध्ये तो भुसावळला वारला आणि तिथेच त्याला पुरले. आगगाडीच्या धडधडाटात हजारो माणसे रोज भुसावळला गाडी बदलतात, केळी घेतात, चहा पितात. अजिंठ्याची रंगीत दुनिया जगासमोर मांडणारा माणूस जवळच चिरनिद्रा घेतो आहे, हे त्यांतल्या कितीजणांच्या मनात येत असेल?

"हा साहेब घर विसरला," भाचा म्हणाला.

"नाही रे," मी म्हणालो, "याला घर सापडलं."

तिसऱ्या दिवशी धरणगावचा रस्ता धरला. जळगावहून पश्चिमेला तीसेक किलोमीटर. सुरतेच्या रेल्वेवरच स्टेशन आहे. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, वेचणीला आलेला कापूस, मधूनच केळीची हिरवीगार रांग. हे पीकपाणी पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण दोनशे वर्षांपूर्वी हा मुलूख निम्मा ओसाड होता. होळकरी दंगली, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ यांनी गावेच्या गावे उठली. शेतात झुडपे माजली, झुडपांत वाघ आले. १८२२ च्या उन्हाळ्यात खानदेशात वाघांनी शेकडो माणसे मारल्याच्या नोंदी आहेत. गुराढोरांची तर गणतीच नाही.

आणि डोंगरात भिल्ल. शाळेत आपण वाचले ते एवढेच, की भिल्ल लूट करीत. ते का करीत, हे धड्यात नसे. गावची राखण करायची, चोराचा माग काढायचा, घाटाची वाट सांभाळायची आणि त्याबद्दल गावाकडून धान्याचा हक्क घ्यायचा, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. दुष्काळात आणि धामधुमीत गावेच उठली; मग राखण कोणाची करायची आणि हक्क कोणाकडे मागायचा? पोट डोंगरावर घेऊन गेले आणि पोटच रात्री खाली घेऊन आले. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रज आले. सातपुड्यात, सातमाळ्यात, सह्याद्रीत त्यांनी पलटणी धाडल्या. पलटण डोंगर चढे, तापाने आजारी पडे आणि खाली उतरे. नाईक पकडले जात, त्यांच्या जागी दुसरे उभे राहत. सात वर्षे हाच खेळ चालला. शेवटी १८२५ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, नवा विचार ठरला: भिल्लांना वसवण्यासाठी खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या काढायच्या आणि भिल्लांचीच एक पलटण उभी करायची. हे पलटणीचे काम ज्याच्या गळ्यात पडले तो जेम्स औट्रॅम.

वय बावीस. आमच्या भाच्याहून एक वर्ष लहान. डर्बीशायरमध्ये जन्मला, दोन वर्षांचा असताना बाप वारला, आईने काटकसरीने वाढवला. १८१९ साली मुंबईला उतरला तेव्हा इतका किरकोळ, की साऱ्या फौजेतला सर्वांत लहान चणीचा अधिकारी म्हणून त्याची ओळख. आणि त्याला सांगितले काय, तर ज्यांच्याशी सात वर्षे लढतो आहोत, त्यांना आपले शिपाई कर!

औट्रॅमने काय केले ते समजून घेण्यासारखे आहे. पहिल्यांदा त्याने हल्लाच केला. शिपायांनिशी डोंगरात शिरून काही भिल्ल कैद केले. पण नंतर कैद्यांच्याच मार्फत त्यांच्या नाईकांकडे निरोप धाडले आणि स्वतः एकटा, पहाऱ्याशिवाय, त्यांच्या मुलखात जाऊन राहिला. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्याबरोबर प्याला, त्यांच्यात झोपला. एवढ्या खटाटोपातून पहिल्यांदा मिळाले किती शिपाई? पाच! त्या पाचांनी पुढच्यांना आणले. मध्येच डोंगरात आवई उठे, की साहेब सर्वांना एकत्र जमवून एकदम कापणार आहे. मागे तसे घडलेही असल्याने ती आवई खरी वाटे. औट्रॅमचे उत्तर एकच असे: तो त्यांच्यातच राही. ज्याला दगा द्यायचा तो आपली मान त्यांच्या कोयत्याजवळ ठेवून झोपेल कशाला?

या पलटणीचे मुख्य ठाणे म्हणजे धरणगाव. इथेच औट्रॅमने राहण्यासाठी बंगला बांधला. बंगला हा शब्दच मुळी आपल्याकडचा. बंगालच्या शेतकऱ्याच्या उतरत्या छपराच्या झोपडीवरून साहेबांनी तो घेतला आणि पार विलायतेपर्यंत नेला.

त्या काळच्या लष्करी बंगल्यात राहणे कसे असे, ते आजच्या फ्लॅटमधल्या वाचकांना सांगितले पाहिजे. सरकार घर देतच असे, असे नाही. भत्ता मिळे, घर अधिकाऱ्याने आपले आपण बांधायचे, नाही तर आधीच्या साहेबाकडून विकत घ्यायचे, आणि बदली झाली की नव्या साहेबाच्या गळ्यात मारायचे. म्हणजे बदलीच्या नोकरीतला संसार आणि फर्निचरचा लिलाव ही काही आपल्या काळातली कुरकुर नव्हे! भिंती हात-दीड हात जाडीच्या, बहुधा मातीच्या नाही तर कच्च्या विटांच्या. छप्पर गवताचे किंवा कौलांचे, आणि खोलीत वरून विंचू, साप, उंदीर अंगावर पडू नयेत म्हणून आढ्याखाली ताणून बसवलेली कापडी चांदणी. त्या चांदणीवर रात्री उंदीर-सापाची झटापट चाले आणि खाली साहेब अंथरुणात पडून कापडाची हालचाल पाहत असे. चहूबाजूंना रुंद ओसरी. ऊन भिंतीला शिवू नये म्हणून ती हवी. वैशाखात खानदेशची झळ लागू लागली की दारांना वाळ्याचे ताटवे बांधायचे आणि त्यांवर पाणी मारीत राहायचे. आत छताला टांगलेला भला मोठा पंखा आणि त्याची दोरी ओढायला बाहेर एक माणूस. स्वयंपाकघर मुख्य घरापासून दूर. म्हणजे आग, धूर आणि माश्या तिकडेच राहाव्यात. न्हाणीघराला बाहेरून वेगळे दार; पखालजी पाणी घेऊन त्या दाराने येई आणि त्याच दाराने जाई.

हे सारे मी रंगवून सांगत होतो तेव्हा बहीण मध्येच म्हणाली, "म्हणजे साहेबाला गार वारा आणि पंखेवाल्याला ऊन!" बायकांचे लक्ष नेमके कुठे जाते पाहा. मोठमोठ्या चरित्रकारांना जे सुचले नाही ते तिला एका वाक्यात सुचले. बंगला बाहेरून थंड दिसतो. पण तो थंड ठेवणारी माणसे रात्रभर जागी असत, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

औट्रॅमचे मात्र असे, की घरात पंख्याखाली तो फारसा सापडतच नसे. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत खानदेशात १९१ वाघांच्या शिकारीत तो स्वतः हजर होता अशी टिपणे आहेत. आज ही संख्या ऐकून आपल्याला अभिमान नव्हे, हळहळ वाटते. पण त्या काळच्या शेतकऱ्याला वाघ मारणारा माणूस म्हणजे देवच वाटत असे. एकदा म्हणे वाघ अशा दाट काटेरी झुडपांत दडला, की वरच्या कड्यावरून नेमच धरता येईना. औट्रॅमने भिल्लांना त्यांची पागोटी एकमेकांना बांधायला लावली, त्या दोराने स्वतःला कड्यावरून खाली लोंबकळत सोडायला सांगितले आणि तसाच टांगलेला असताना वाघ टिपला. वर खेचल्यावर म्हणाला, तुम्ही मला चोरासारखे टांगलेत खरे. पण वाघ तर मेला!

गंमतीचा भाग सोडा. विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की ज्या हातांत त्या पागोट्यांचे टोक होते ते हात कालपरवापर्यंत सरकारचे शत्रू होते. नुसती पकड सैल केली असती तरी काम झाले असते. ती सैल झाली नाही. पुढे ही भिल्लांची पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा औट्रॅमच्या मूळच्या २३ व्या पलटणीतल्या उच्चवर्णीय शिपायांनी या जुन्या वैऱ्यांचे स्वागत केले आणि त्यांना पानसुपारी दिली. दोनशे वर्षांपूर्वीच्या समाजात ही पानसुपारी साधी नव्हती.

१८३५ साली औट्रॅम खानदेश सोडून गुजरातेत गेला. पुढे सिंध, इराण, १८५७ चे लखनौ. सरदारकी मिळाली, १८६३ मध्ये वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरला गेला. लंडनला पुतळा, कलकत्त्याला पुतळा. पण खानदेशातली गोष्ट त्याहून निराळी. त्याच्या जुन्या शिपायांना कुठेशी एक ओबडधोबड मूर्ती सापडली. तिचा चेहरा त्यांना आपल्या साहेबासारखा वाटला. त्यांनी ती मांडली आणि 'औट्रॅम साहेब' म्हणून पुजू लागले!

इथपर्यंत गोष्ट सांगून थांबलो असतो, तर ती साहेबाच्या चरित्रासारखी गोड झाली असती. पण भाच्याने विचारलेच, "मामा, मग भिल्लांना काय मिळालं?"

प्रश्न खरा होता. पलटणीत शिरलेल्यांना पगार मिळाला, गणवेश मिळाला, काहींना जमीन आणि तगाई मिळाली. लूट थांबली, रस्ते सुरू झाले, कापूस मुंबईला जाऊ लागला. पण डोंगरात राहिलेल्यांचे काय? सेंधव्याच्या घाटात सरकारच्या चाकरीत राहून वाट राखणारा खाज्या नाईक १८५७ साली उठला. भीमा नाईक त्याच्याबरोबर उठला. सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला सातपुड्याच्या कुशीत सरकारी फौजेशी त्यांची मोठी लढाई झाली. कित्येक भिल्ल लढताना पडले आणि हाती लागलेल्यांतल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रियाही कैद झाल्या. खाज्या नाईक पुढे मारला गेला, भीमा नाईक अंदमानला गेला. औट्रॅमने खानदेश सोडल्याला तेवीस वर्षेच झाली होती. साहेब बदलला, की विश्वासही बदलीवर जात असे! नंतर जंगलाचे कायदे आले. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या मोहाची फुले वेचली, लाकूडफाटा आणला, तिथे शिरायला परवाना लागू लागला. १८९१ मध्ये भिल्ल पलटण पोलिसांत मिळवून टाकण्यात आली. बंगला म्हणजे दफ्तर झाले.

धरणगावात आम्ही चहा घेतला. हॉटेलवाल्याला कुठून आलात, कशाला आलात, हे सारे हवे होते. साहेबाच्या बंगल्याविषयी बोलायला आलो म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब जाऊ द्या हो. बालकवी आमच्या गावचे, ते लिहा!" खरेच, बालकवी ठोमऱ्यांचा जन्म १८९० चा, याच धरणगावातला. गाव आपला अभिमान आपल्या हाताने निवडते, हे बघून बरे वाटले.

तिथून अमळनेरवरून धुळ्याला. धुळे हा आणखी एका लष्करी साहेबाचा संसार. कॅप्टन जॉन ब्रिग्ज १८१८ साली खानदेशचा पहिला कारभारी म्हणून आला. आग्र्याचा रस्ता जवळ, मुलखाच्या मध्यावर जागा, म्हणून त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. तेव्हा धुळे म्हणजे पांझरेकाठचे चारेकशे घरांचे आणि अडीच हजार वस्तीचे खेडे. ब्रिग्जने नवी पेठ आखली, बऱ्हाणपूरचे व्यापारी आणि सुरतेचे कारागीर बोलावले, त्यांना घरासाठी जागा फुकट दिल्या. आजही धुळेकर पत्ता सांगतो तो 'गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच' असा. या सरळ गल्ल्यांत फिरताना फौजी माणसाची आखणी डोळ्यांत भरते. जणू पलटण कवायतीला उभी आहे! याच ब्रिग्जने पुढे फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले. स्वतःचे घर बांधणारे साहेब पुष्कळ झाले. दुसऱ्यांना घरे बांधायला जागा देणारा हा एक वेगळा.

दिवस कलायला लागला होता. परतावे असे मनात होते, पण मेहुणे म्हणाले, "लळिंग राहिलं की." धुळ्याहून आग्रा रोडने दक्षिणेला आठ-दहा किलोमीटर गेले की फारुकी सुलतानांचा लळिंगचा डोंगरी किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या कुरणात टेकडीवर लांडोर बंगला आहे. इंग्रजी अंमलातला, साहेबांनी शिकारीला आणि हवा खायला यावे म्हणून बांधलेला. नाव पाहा, लांडोर! मोराच्या पिसाऱ्याचा डौल नाही, काही नाही.

या बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उतरले होते. धुळ्याच्या कोर्टात एका खटल्याच्या कामासाठी ते आले होते. एक दिवसाचा मुक्काम. पण त्या दिवसाची आठवण धरून आजही दरवर्षी ३१ जुलैला ऐन पावसाळ्यात माणसांची रीघ लागते. लेकरांना कडेवर घेऊन, भाकरीची शिदोरी बांधून माणसे ओल्या कुरणातून टेकडी चढतात.

आम्ही गेलो तेव्हा कुरणात शुकशुकाट होता. दिवाळीतले कोवळे पिवळे ऊन गवतावर पसरलेले. मी ओट्याशी उभा राहिलो आणि मनाशी हिशेब मांडू लागलो. या बंगल्यात किती साहेब राहून गेले असतील! कोणी शिकार केली, कोणी पत्रे लिहिली, कोणी उन्हाळ्याला शिव्या दिल्या. त्यांच्यासाठी पाणी भरणाऱ्यांना, पंखा ओढणाऱ्यांना पुढच्या दाराने आत येण्याची मुभा नव्हती. आणि मग एक दिवस त्याच ओटीवरून, पुढच्या दाराने, ज्यांना गावाच्या पाणवठ्याला शिवू दिले जात नव्हते त्यांचा माणूस आत गेला. बाकीच्या साऱ्या मुक्कामांची दफ्तरे झाली. या एका मुक्कामाची यात्रा झाली.

घर कोणी बांधले हे लोक विसरतात. आत राहून गेलेल्याने दार कोणासाठी उघडले, ते विसरत नाहीत. औट्रॅमची ती ओबडधोबड मूर्ती आणि लळिंगची ही यात्रा, दोन्हींत लोकांनी आपला निवाडा आपणच दिला आहे. एका बाबतीत जो विश्वास मिळाला तो बदलीबरोबर उडाला. दुसऱ्या बाबतीत मिळाला तो पिढ्यांना पुरला. फरक का पडला, हे ज्याचे त्याने ओळखावे.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलत नव्हते. पारोळा मागे पडला. भाचा बऱ्याच वेळाने म्हणाला, "मामा, आमच्या पोस्टला ओटाच नाही हो."

"मग?"

"नाही, म्हणजे वाळूची पोती हवीतच. त्याला इलाज नाही. पण खालच्या गावातली माणसं आली, तर बसायला बाहेर एखादा बाक टाकता येईल. एवढं करता येईल."

मागच्या सीटवर बसलेल्या बहिणीने हे ऐकले. ती काही बोलली नाही. पण दोन दिवसांनी त्याची ट्रंक भरताना तिने चिवडा-लाडवांचे डबे चार जास्त घातले. मी विचारले, "अगं, एवढे एकट्याला?"

"एकट्याला कशाला?" ती म्हणाली, "बाकावर कोणी येऊन बसलं, तर त्यांच्या हातावर काय ठेवेल तो?"